सागरतळाचे सहजीवन आणि सामाईक वारसा

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सर्व जीवसृष्टी सूर्यावर जगते, हा धडा शाळेत प्रत्येकाने गिरवलेला असतो. गवत सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, गाय गवत खाते, माणूस गाईचे दूध पितो. समुद्रातही तोच क्रम चालतो. पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म वनस्पती अन्न निर्माण करतात, लहान मासे त्यांच्यावर जगतात आणि मोठे मासे लहान माशांवर. सूर्यप्रकाश मात्र पाण्यात काही शे मीटरांपलीकडे पोहोचत नाही. म्हणून त्याखालचा अथांग काळोख हे जवळजवळ वाळवंटच असणार आणि तेथे वरून गळून पडणाऱ्या उष्ट्याखरकट्यावर गुजराण करणारे तुरळक प्राणीच असणार, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. १९७७ साली ही समजूत मोडली. ती कशी मोडली, तिच्या जागी कोणते ज्ञान आले आणि त्या ज्ञानाचा सर्वसामान्य माणसाच्या हक्कांशी काय संबंध आहे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

१९७७ च्या फेब्रुवारीत पूर्व पॅसिफिक महासागरात, गालापागोस बेटांजवळ, अमेरिकी शास्त्रज्ञांची एक मोहीम चालू होती. मोहिमेत भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ मात्र एकही नव्हता. सागरतळावर जेथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, तेथे उष्ण पाण्याचे झरे असले पाहिजेत असा तर्क होता आणि तो तपासण्यासाठी ही मंडळी गेली होती. जहाजामागे सुमारे अडीच हजार मीटर खोलीवरून एक कॅमेरा ओढत नेला जात होता. एका ठिकाणी पाण्याचे तापमान क्षणभर वाढल्याची नोंद झाली. नंतर सुमारे तीन हजार छायाचित्रे तपासली तेव्हा सगळीकडे ओसाड काळा लाव्हा दिसला. नेमक्या त्या क्षणी घेतलेल्या अवघ्या तेरा छायाचित्रांत मात्र शिंपल्यांची दाटी होती. त्यापाठोपाठ ‘ॲल्विन’ ही छोटी पाणबुडी तीन माणसांना घेऊन खाली उतरली. कोमट पाण्याच्या झऱ्याभोवती शिंपले, खेकडे आणि लाल तुऱ्याचे लांबच लांब नलिकाकृमी यांची वस्ती त्यांना प्रत्यक्ष दिसली. वर आणलेले प्राणी टिकवून ठेवण्यासाठी जहाजावर पुरेसे रसायनही नव्हते. थोडेसे फॉर्मल्डिहाइड आणि खलाशांनी पनामात विकत घेतलेला रशियन व्होडका यांवर काम भागवावे लागले. विसाव्या शतकातील जीवशास्त्राचा एक अत्यंत महत्त्वाचा शोध असा अनपेक्षितपणे हाती आला.

हे झरे तयार कसे होतात? समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून खाली मुरते आणि तप्त खडकांच्या सान्निध्यात येते. तेथे ते तापते, त्याची रासायनिक घडण बदलते, खडकातील धातू त्यात विरघळतात आणि ते हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू बरोबर घेऊन पुन्हा वर उसळते. काही ठिकाणी ते कोमट होऊन झिरपते. काही ठिकाणी मात्र ३५० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाने फवाऱ्यासारखे बाहेर पडते. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब प्रचंड असल्यामुळे ते उकळत नाही. दोन अंशांच्या थंडगार समुद्रजलात मिसळताच त्यातील धातूंची संयुगे काळ्या कणांच्या रूपाने बाहेर पडतात. अशा काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या प्रथम १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकमधील पर्वतरांगेवर आढळल्या. त्याच कणांचे थर साचून तांबे, जस्त आणि काही प्रमाणात सोने-चांदी असलेले खनिज तयार होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा वाद तिच्यापाशी येऊन थांबतो.

या प्राण्यांना अन्न कोण पुरवीत होते, हा पहिला प्रश्न होता. नलिकाकृमींचे कोडे तर विलक्षण होते. दीड-दोन मीटर लांबीच्या या प्राण्याला तोंड नाही आणि आतडेही नाही. १९८० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मेरेडिथ जोन्स या तज्ज्ञाचे त्यावर व्याख्यान चालू होते. या कृमीच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडल्याचे त्यांनी सांगताच कॉलीन कॅव्हॅनॉ ही विद्यार्थिनी उठली आणि याच्या शरीरात गंधकावर जगणारे जीवाणू असले पाहिजेत, असा तर्क तिने भर सभेत मांडला. पुढे तिने नमुने मिळवून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १९८१ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. कृमीच्या शरीरात खरोखरच कोट्यवधी जीवाणू होते. त्याच वर्षी होर्स्ट फेलबेक या संशोधकाने त्या ऊतींत अन्ननिर्मितीची विकरे असल्याचे दाखवून दिले.

या शोधाची मुळे मात्र शंभर वर्षे मागे जातात. अँटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८-७९ च्या सुमारास, दोन भिन्न जीवांनी एकत्र जगणे या अर्थाने, ‘सहजीवन’ ही संज्ञा जीवशास्त्रात रूढ केली. स्ट्रासबुर्ग येथील त्याच्याच प्रयोगशाळेत सर्गेई विनोग्राद्स्की हा रशियन तरुण काम करीत होता. काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइडचे ज्वलन करून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात, हे त्याने १८८७ मध्ये मांडले. यालाच रसायनसंश्लेषण म्हणतात. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. हे जीवाणू तेच काम गंधकाच्या रसायनातून मिळालेल्या ऊर्जेवर करतात. सहजीवन आणि रसायनसंश्लेषण या दोन कल्पना एकाच प्रयोगशाळेच्या छपराखाली वाढल्या. त्यांचा संगम निसर्गात झालेला आहे हे कळायला मात्र जवळजवळ एक शतक जावे लागले.

आता शिंपल्यांकडे वळू. गोव्यात आणि दक्षिण कोकणात खडकाला चिकटून वाढणारे शिनाणे सर्वांच्या परिचयाचे आहेत. सागरतळावरील उष्ण झऱ्यांचे शिंपले त्याच कुळातील होत. शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये गालापागोस येथील जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला ‘बॅथीमोडिओलस थर्मोफिलस’ हे नाव दिले. या गटातील काही जाती वीतभर वा त्याहूनही मोठ्या होतात. किनाऱ्यावरचा शिनाणा कल्ल्यांनी पाणी गाळतो आणि त्यातील अन्नकण वेचतो. खोल समुद्रातील या भाईबंदांचे कल्ले शरीराच्या मानाने फार मोठे व जाड असतात आणि त्यांच्या पेशींच्या आत जीवाणूंची वस्ती असते. आतडे शिल्लक आहे, पण ते आखडलेले आहे. पाणी गाळून खाण्याची कला हा प्राणी अगदीच विसरलेला नाही. मात्र त्याच्या पोषणाचा मुख्य भार पेशींत राहणाऱ्या जीवाणूंवरच असतो.

या व्यवस्थेत दोन्ही पक्षांना काय मिळते ते पाहण्यासारखे आहे. हायड्रोजन सल्फाइड हे बहुतेक प्राण्यांना विष आहे. ते पेशीची श्वसनक्रियाच बंद पाडते. पण जीवाणूंना तेच इंधन लागते आणि ते जाळण्यासाठी प्राणवायूही लागतो. झऱ्याच्या पाण्यात सल्फाइड असते, प्राणवायू नसतो. सभोवतालच्या थंड पाण्यात प्राणवायू असतो, सल्फाइड नसते. शिंपला या दोन पाण्यांच्या सीमेवर ठाण मांडतो आणि आपल्या कल्ल्यांवरून दोन्ही प्रवाह खेळवतो. जीवाणूला एकट्याने अशी मोक्याची जागा धरून ठेवणे कठीण असते. मोबदल्यात शिंपला काही जीवाणूंना थेट पेशीतच पचवतो आणि त्यातून आपले पोषण करतो.

अटलांटिक महासागराच्या मध्यभागी असलेल्या पर्वतरांगेवरील शिंपल्यांत याहूनही पुढचा प्रकार दिसतो. तेथील ‘बॅथीमोडिओलस अझोरिकस’ आणि ‘पुटिओसर्पेंटिस’ या जातींच्या कल्ल्यांत दोन प्रकारचे जीवाणू शेजारी शेजारी, कित्येकदा एकाच पेशीत राहतात. एक गंधकावर जगतो, तर दुसरा मिथेन वायूवर. ज्या झऱ्यात मिथेन अधिक असेल तेथे मिथेनवाले वाढतात, सल्फाइड अधिक असेल तेथे गंधकवाले वाढतात. गंधकवाले जीवाणू हायड्रोजन वायूचाही इंधन म्हणून वापर करू शकतात, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. एका शिंपल्यात या जीवाणूंचे तब्बल सोळापर्यंत उपप्रकार एकत्र नांदतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यांच्या अंगी वेगवेगळे गुण असतात, त्यामुळे झऱ्याचे रसायन बदलले तरी कोणी ना कोणी कामाला येतोच.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. हे जीवाणू शिंपल्याला आईबापांकडून वारशाने मिळत नाहीत. त्याचे डिंभ जीवाणूंवाचूनच प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि त्या काळात इतर लहान जीव खाऊन जगतात. योग्य जागी तळाला टेकून त्यांचे रूपांतर झाले, की मग भोवतालच्या पाण्यातून जीवाणू त्यांच्या शरीरात प्रवेश करतात आणि त्यानंतर आतडे आखडत जाते. म्हणजे हा करार प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागतो. झरे तर कायमचे नसतात. पूर्व पॅसिफिकमधील एका प्रसिद्ध क्षेत्रात १९९१ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सारी वस्ती लाव्ह्याखाली गेली. काही वर्षांत तेथे नलिकाकृमी आले आणि मागाहून शिंपले आले. २००५-०६ मध्ये पुन्हा उद्रेक झाला. गालापागोसजवळ १९७९ मध्ये सापडलेली ‘रोझ गार्डन’ नावाची बाग २००२ मध्ये शोधायला गेलेल्यांना सापडली नाही. ती लाव्ह्याखाली गडप झाली होती. एक झरा मालवला तर दुसरीकडून आलेले डिंभ नव्या झऱ्यावर वस्ती करतात. ही साखळी जोवर शाबूत आहे तोवरच हे जीवन टिकते.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. निसर्गाला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करण्याची सवय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सरच्या अनुयायांनी ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम ठरवला आणि गिरणीमालकाच्या नफ्याला व साम्राज्याच्या लुटीला त्याचा आधार दिला. त्याला उत्तर म्हणून प्रिन्स क्रोपोटकिनने १९०२ मध्ये ‘परस्पर साहाय्य’ या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्राणिसृष्टीत सहकार्यही तितकेच प्रभावी आहे हे दाखवून दिले. उत्क्रांतीच्या विचारातील एकांगीपणा दूर करण्यास त्याची मदत झाली, हे निर्विवाद आहे. पण सागरतळाचा शिंपला कोणत्याच पक्षाची पूर्ण साक्ष देत नाही. तो जीवाणूंना आसरा देतो आणि त्यांना पचवतोही. त्याच झऱ्यावर त्याची दाटी वाढली, की तो पाण्याचा प्रवाह आपल्याकडे वळवतो आणि नलिकाकृमींना मागे हटावे लागते. सहकार्य आणि स्पर्धा तेथे एकाच कल्ल्यात नांदतात. मानवी समाजात समता का हवी याचे उत्तर माणसाच्या विवेकात शोधावे लागेल. ते शिंपल्याकडून उसने आणता येणार नाही.

तशीच दुसरी एक अतिशयोक्ती टाळली पाहिजे. ही सृष्टी सूर्यापासून सर्वस्वी स्वतंत्र आहे, असे अनेकदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. या जीवाणूंची ऊर्जा पृथ्वीच्या पोटातून येते हे खरे. पण ज्या प्राणवायूने ते गंधक जाळतात, तो वरच्या जगातील वनस्पतींनी सूर्यप्रकाशात निर्माण केलेला असतो. अडीच हजार मीटर खाली, पूर्ण अंधारात राहणारा शिंपलाही उन्हात वाढणाऱ्या हिरव्या कणांचा ऋणी आहे. पृथ्वीवरील जीवनाचे धागे किती लांबवर गुंफलेले आहेत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या झऱ्यांनी साचवलेल्या खनिजावर जगातील कंपन्यांची व सरकारांची नजर आहे. हा सागरतळ कोणाच्या मालकीचा आहे? १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या चिमुकल्या देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत भाषण करून, कोणत्याही राष्ट्राच्या हद्दीबाहेरचा सागरतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, अशी मागणी केली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आशियाई-आफ्रिकी देशांनी ती उचलून धरली. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हे तत्त्व लिहिले गेले. करार १९९४ मध्ये अमलात आला आणि जमैकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण स्थापन झाले. परंतु त्याच वर्षी श्रीमंत देशांच्या आग्रहाने एक पुरवणी करार होऊन, गरीब देशांना तंत्रज्ञान देण्याची सक्ती काढून टाकण्यात आली. अमेरिका तर मूळ करारात सामीलच झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी, प्राधिकरणाला बाजूला सारून आपल्याच १९८० च्या कायद्याखाली सागरतळाचे परवाने देण्याचा आदेश काढला. सामाईक वारशाचा असा एकतर्फी लिलाव होऊ लागला, तर पार्दोंनी मांडलेल्या तत्त्वाला अर्थ उरणार नाही.

कंपन्यांच्या भरवशावर राहिल्यास काय होते, याचा धडा पापुआ न्यू गिनी या देशाने घेतला आहे. बिस्मार्क समुद्रातील ‘सोलवारा १’ या उष्ण झऱ्यांच्या क्षेत्रातील खनिज काढण्याचा परवाना २०११ मध्ये कॅनडाच्या ‘नॉटिलस मिनरल्स’ या कंपनीला मिळाला. सरकारने त्या प्रकल्पात भागभांडवल घातले. किनाऱ्यावरच्या लोकांनी विरोध केला, कारण समुद्र हे त्यांचे शेत होते. खनिजाचा एक खडाही व्यापारी तत्त्वावर निघाला नाही. २०१९ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि एका गरीब देशाच्या तिजोरीतील सुमारे १२ कोटी डॉलर बुडाले.

या व्यवहारात भारतही आता बाहेरचा राहिलेला नाही. हिंदी महासागरातील पर्वतरांगेवर १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइड खनिजाचा शोध घेण्याचा करार भारत सरकारने २०१६ मध्ये प्राधिकरणाशी केला. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग पर्वतरांगेसाठी आणखी एक करार झाला. या कामाची धुरा गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राकडे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरील एका जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळवली. ही कामगिरी अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. पण याच महासागरात ‘कैरेई’ नावाच्या झऱ्यावर जीवाणूधारी शिंपल्यांची वस्ती आहे. आणि तेथेच २००१ मध्ये पायावर लोहयुक्त खवले असलेली गोगलगाय सापडली, जिच्याही शरीरात असेच जीवाणू राहतात. २०१९ मध्ये या गोगलगाईची नोंद धोक्यातील जातींच्या जागतिक यादीत झाली आणि त्याचे कारण संभाव्य खाणकाम हेच देण्यात आले. २०२१ मध्ये झऱ्यांवरच राहणाऱ्या मृदुकाय प्राण्यांच्या १८४ जातींची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी ११४ जाती धोक्यात असल्याचे दिसून आले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. श्रीमंत देशांनी दोन शतके पृथ्वी ओरबाडली. आता विजेच्या तारांना, सूर्यऊर्जेला आणि कारखान्यांना तांबे हवे असताना गरीब देशांनीच का थांबावे? आक्षेपातील न्यायाची मागणी रास्त आहे. परंतु सागरतळावर अडीच-तीन हजार मीटर खोल यंत्रे उतरवण्याचे सामर्थ्य ज्यांच्याकडे आहे, नफाही त्यांच्याच पदरात पडणार. आणि मासेमारीवर जगणाऱ्यांना फक्त गढूळ पाणी मिळणार. दुसरे असे की, लाव्हा एक झरा बुजवतो तेव्हा शेजारचे झरे डिंभ पुरवतात. खाणकाम एकाच वेळी अनेक ठिकाणी चालू झाले, तर ते डिंभ कोठून येणार? मंद गतीने सरकणाऱ्या पर्वतरांगांवर, जशा हिंदी महासागरात आहेत, एकेक झरा दीर्घकाळ टिकतो आणि दोन झऱ्यांतील अंतरही मोठे असते. तेथील वस्त्यांना उद्रेकांची सवय नाही. म्हणून तेथील हानी भरून निघणे अधिक कठीण आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जिवंत झऱ्यांवर खाणकामाला कायमची बंदी हवी. इतर ठिकाणांसाठीही, नियम आणि शास्त्रीय पाहणी पुरी झाल्याशिवाय कोणालाही परवाना मिळता कामा नये. जगातील सुमारे चाळीस देशांनी अशा स्थगितीची वा सावधगिरीची भूमिका घेतली आहे आणि भारताने त्यांच्या पंक्तीला बसावे. भारताच्या करारक्षेत्रात कोणते जीव आहेत याची माहिती संसदेसमोर आणि जनतेसमोर, तिला समजेल अशा भाषेत, ठेवली जावी. त्या चर्चेत मच्छीमारांच्या संघटनांना स्थान असावे. निकामी झालेल्या यंत्रांतून आणि तारांतून तांबे परत मिळवण्याच्या उद्योगाला प्रोत्साहन द्यावे. त्यात रोजगारही अधिक आहे.

सागरतळाच्या त्या जीवाणूंना जगाने पाहिले त्याला अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत. एका विद्यार्थिनीने सभेत उठून प्रश्न विचारला, म्हणून त्यांचे रहस्य उलगडू लागले. त्यांच्या घराचे भवितव्य ठरवणाऱ्या सभांतही प्रश्न विचारले गेले पाहिजेत. आणि ते विचारण्याचा अधिकार, वारसा सामाईक असल्यामुळे, प्रत्येक नागरिकाला आहे.